वचन तोंडपाठ, तरी झोप नाही : रोजच्या अडचणींत देवाच्या राखणीवर भरवसा ठेवण्याची क्रमवार रीत

मंगळवारच्या भगिनी प्रार्थनेत मी वर्षानुवर्षे एकच दृश्य पाहते. कोणाच्या मुलाचे कंत्राट संपत आलेले असते. कोणाच्या गाठीचा रिपोर्ट यायचा असतो. कोणाच्या दारात बचत गटाच्या बायका हप्त्यासाठी येऊन गेलेल्या असतात. आम्ही बायबलमधले एक्क्याण्णवावे स्तोत्र म्हणतो, डोळे पुसतो, चहा घेतो. पुढच्या मंगळवारी तीच बाई सांगते, "सिस्टर, वचन तोंडपाठ आहे हो, पण रात्री तीनला डोळे उघडले की उघडलेच. माझा विश्वासच कमी पडतोय."

मला तसे वाटत नाही. बहुतेकींचा क्रम चुकलेला असतो. मनातली भीती नीट सांगायच्या आधीच वचन म्हटले जाते. जे काम आपल्या हातात होते ते देवावर टाकले जाते, आणि जे देवाचे होते ते रात्रभर डोक्यावर वाहिले जाते.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. तीस वर्षे परिचारिका होते. त्यामुळे आधी काय, नंतर काय, आणि कुठे चुकले तर रोगी बिघडतो, अशाच पद्धतीने मला सांगता येते. या रीतीसाठी मी एकच शास्त्रभाग हाताशी ठेवते : बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय २७. येशूचा प्रेषित पौल याला कैदी म्हणून रोमला नेणारे तारू वादळात सापडते, त्याची हकीकत. देवदूताने पौलाला वचन दिले की तारू जाईल, पण माणसे सगळी वाचतील. वचन मिळाल्यावरही त्या तारवावर नांगर टाकले गेले, पाण्याची खोली मोजली गेली, लोकांना जेवायला लावले गेले. पुढचे सगळे टप्पे या हकीकतीतूनच येतात.

## तयारी : सुरू करण्याआधी एवढे हाताशी हवे

वही. दोनशे पानी, साधी, रेघांची. मोबाईलमधली नोंद नको, कारण मोबाईल उघडला की आधी मेसेज दिसतात, मग देव.

कागदी बायबल. भाषांतर कुठलेही चालेल, पण रोज तेच. आज एक, उद्या दुसरे असे केले की ओळी मनात बसत नाहीत.

वीस मिनिटे आणि ठरलेली जागा. घरात एकच खोली असेल तर ओट्याशेजारचे स्टूलही जागाच. सकाळी डबे आणि पाण्याची वेळ असते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी "पहाटेच" असा हट्ट धरत नाही. दुपारी भांडी झाल्यावर बसा, पण रोज त्याच वेळी.

एकदाच करायचे वाचन. कृत्ये २७ एका बैठकीत मोठ्याने वाचा. ४४ ओव्या आहेत, दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर स्तोत्र १३, ९१ आणि १२१ पूर्ण वाचा. एकेक ओळ उचलू नका.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका : राखण म्हणजे काय? इथली गल्लत पुढचे सगळे टप्पे बिघडवते. स्तोत्र १२१ मध्ये मूळ हिब्रूत "राखणे" हा एकच धातू सहा वेळा येतो. आठ ओव्यांत सहा वेळा! पण राखणे म्हणजे काहीही अंगावर येऊ न देणे असा अर्थ धरला तर बायबलच पुढे वाचता येत नाही. कृत्ये १२ पाहा. हेरोद राजाने याकोबाला तलवारीने मारले आणि त्याच अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटला. दोघेही प्रभू येशूचेच शिष्य. इब्री ११ मध्ये काही जण तलवारीच्या धारेपासून निसटले असे लिहिले आहे, आणि तीनच ओव्यांनंतर काही जण तलवारीने मेले असेही लिहिले आहे. दोघांच्याही विश्वासाचे तिथे सारखेच कौतुक आहे. तेव्हा राखण म्हणजे तो आपल्याला सोडणार नाही, संकटातही आणि संकटानंतरही. काय टळेल आणि काय टळणार नाही, ते त्याच्याकडे.

> तपासणी : वहीच्या पहिल्या पानावर या प्रश्नाचे उत्तर लिहा : "मला भीती वाटते ते खरोखर घडले, तर मी देव नाही असे म्हणेन का?" उत्तर "हो" आले तर घाबरू नका, खोटेही लिहू नका. हे पान तीन महिन्यांनी पुन्हा उघडायचे आहे.

## टप्पा १ : भीतीला नाव आणि आकडा द्या

सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात, कारण हा टप्पा धार्मिक वाटतच नाही. आपली प्रार्थना सुरू होते ती "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुला सगळे ठाऊक आहे" इथून. ते खरेच आहे. पण त्या वाक्याआड आपण लपतो. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे आहे हे प्रभूला दिसत नव्हते का? तरी त्याने विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे असे तुला वाटते? (मार्क १०:५१). त्याच्या तोंडून यायला हवे होते.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा.

- घडलेले : "बचत गटाचा हप्ता ३,२०० रुपये, १० तारखेला. घरात १,४५०."
- घडेल असे वाटते : "गटातल्या बायका सगळ्यांसमोर बोलतील. सासूबाईंना कळेल."
- त्याच्या मागचे : "आपली किंमत राहणार नाही."

तिसरा रकाना भरायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी तो रिकामा राहिला तरी चालेल. मात्र खरी भीती बहुतेक वेळा तिथेच असते, आणि रात्री तीनला उठवते ती हीच. आकडा दिवसा छळतो.

हे लिहिताना रडू आले, राग आला, देवावरच राग आला, तर तेही लिहा. स्तोत्र १३ मध्ये दावीद "कोठवर?" असे लागोपाठ चार वेळा विचारतो. तसे विचारणे पाप असते तर ते स्तोत्र पवित्र शास्त्रात उरले नसते.

> सावध : दुसऱ्याची चूक पहिल्या रकान्यात घुसते. "नवरा पैसे उडवतो" हे घडलेले असेलही, पण या पानावर तुमची भीती लिहायची आहे, त्याचा हिशेब नाही. त्याच्यासाठी वेगळे पान घ्या.

## टप्पा २ : वचन पूर्ण वाचा, मगच धरा

भीती कागदावर उतरली की आता वचनाकडे. आधी नाही.

वॉचनाईटला, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला, आपल्याकडे बायबलची एक ओळ लिहिलेले वचनकार्ड काढतात. मीही काढते आणि फ्रिजवर लावते. त्यात वाईट काही नाही. पण कार्डावर एक ओळ असते आणि त्या ओळीच्या मागेपुढे काय आहे ते कार्ड सांगत नाही. यिर्मया २९:११ घ्या, हिताचे संकल्प आणि आशेचा शेवट देणारी ओवी. लग्नपत्रिकेपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे ती लावली जाते. तिच्या आधीची ओवी वाचलीत? बाबेलमधली ७० वर्षे पुरी झाल्यावर, असे तिथे लिहिले आहे. बंदिवान म्हणून बाबेलला नेलेल्या ज्यांना यिर्मयाचे ते पत्र गेले, त्यांतले पुष्कळ जण परदेशातच मेले. त्यांना पाचव्या ओवीत सांगितले होते, घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा. वचन खरे होते, आणि लांबचे होते.

एक्क्याण्णवाव्या स्तोत्राबाबत तर सैतानाचा दाखलाच आहे. प्रभूला मंदिराच्या टोकावर नेऊन त्याने त्यातल्याच ११ आणि १२ या ओव्या म्हणून दाखवल्या : देवदूत तुला झेलतील, टाक उडी (मत्तय ४:६). बारावीवर तो थांबला. तेराव्या ओवीत सर्प पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, ती त्याने सोयीस्कर गाळली. मला दर वेळी हसू येते. पण पुढचे गंभीर आहे. पंधराव्या ओवीत देव म्हणतो की संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे त्या माणसावर संकट येणार हे स्तोत्राने धरलेलेच आहे.

वचन धरण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. हे कोणाला सांगितले होते? तेव्हा त्यांची अवस्था काय होती? यात नेमके काय देऊ केले आहे आणि काय देऊ केलेले नाही? उत्तरे दोन ओळींत लिहा. मग त्या दिवसाच्या भीतीसाठी एकच वचन घ्या. पाच वचने घेतली तर दुपारपर्यंत एकही आठवत नाही.

> सावध : बायबल उशीखाली ठेवणे, अभिषेकाच्या तेलाची बाटली गाडीत टांगणे, दारावर ओवी चिकटवून निर्धास्त होणे. आठवण म्हणून ठेवा, पण ताईत म्हणून नको. इस्राएल लोकांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पेटी, असाच युद्धात नेला होता. ३०,००० पायदळ पडले आणि कोशही शत्रूच्या हाती गेला (१ शमुवेल ४). मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेल्या पितळी सापाला लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले.

## टप्पा ३ : मागणे एका वाक्यात, आणि "तरी"

आता मागा. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये पौल सांगतो की मागणी देवाला कळवा, आणि आभारासह कळवा. हे पत्र त्याने तुरुंगातून लिहिले. म्हणून "त्याला काय जाते सांगायला" असे म्हणता येत नाही.

वाक्य असे असावे की उत्तर आले का नाही, हे ओळखता यावे. "माझ्या कुटुंबाला आशीर्वाद दे" याचे उत्तर कसे ओळखणार? त्यापेक्षा : "१० तारखेपर्यंत १,७५० रुपयांची सोय दाखव, आणि गटाच्या अध्यक्षीणबाईंशी बोलायचे धैर्य दे."

त्याखाली एक "तरी" लिहा. राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून आगीच्या भट्टीत टाकायला उभे केलेले शद्रख, मेशख आणि अबेदनगो काय म्हणाले? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि तसे झाले नाही तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही (दानीएल ३:१७-१८). अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तर स्वतः मागितले की हा प्याला टळू दे, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. हल्ली काही सभांमधून शिकवतात की "तरी" म्हटले की विश्वास फुटतो, घोषणा करा, दावा करा. मग त्या तिघांचा आणि प्रभूचा विश्वास फुटका होता असे म्हणावे लागेल. मी तरी म्हणणार नाही.

तेच मागणे पुन्हा मागावे का? मागावे. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा मागितले. उत्तर आले, पण काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, असे आले.

> तपासणी : मागणे लिहून झाले की मोठ्याने वाचा. त्यात "तू हे केलेस तर मी ते देईन" असे आले आहे का? मग तो नवस झाला. खोडा आणि पुन्हा लिहा.

## टप्पा ४ : नांगर टाका

हा टप्पा मी मुद्दाम लांबवते, कारण इथल्या चुकीने माणसे दवाखान्यात येताना मी पाहिली आहेत.

कृत्ये २७ मध्ये वचन २४ व्या ओवीत मिळाले. २८ व्या ओवीत खलाशांनी पाणी मोजले : आधी वीस वाव, मग पंधरा. २९ व्या ओवीत तारवाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकले. ३१ व्या ओवीत तर वचन ज्याला मिळाले होते तो पौलच शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, बजावतो की हे खलाशी तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. "देवाने सांगितलेच आहे, आता कोणी का जाईना" असे तो म्हणाला नाही. नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला, एकाच ओवीत (४:९).

म्हणून मागणे लिहिल्यावर लगेच खाली लिहा : येत्या २४ तासांत माझ्या हातात काय आहे? एक किंवा दोनच गोष्टी. काही नमुने :

हप्ता किंवा कर्ज. तारीख उलटण्याआधी जाऊन सांगा. १० तारखेला तोंड लपवण्यापेक्षा ७ तारखेला "निम्मा आज, निम्मा २० तारखेला" असे म्हणणे सोपे जाते. एक कर्ज फेडायला मोबाईलवरून झटपट कर्ज घेऊ नका. ते देवाने उघडलेले दार नव्हे. ऑनलाईन फसवणूक झाली असेल तर आधी १९३० वर फोन करा, प्रार्थनागटाला नंतर सांगा. तिथे मिनिटे मोलाची असतात.

आजार. गोळी वेळेवर, तपासणी तारखेला. हिज्कीयाला देवाने बरे करीन असे सांगितले, आणखी १५ वर्षे दिली, आणि त्यापुढच्याच ओवीत यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचे पोटीस लावायला सांगितले (२ राजे २०:५-७). आधी वचन, लगेच औषध. आजार बरे करण्यासाठी भरवलेल्या एका प्रार्थनासभेनंतर मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेली बाई बेशुद्धावस्थेत आमच्या वॉर्डात आली होती. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "सिस्टर, माझा विश्वास कुठे कमी पडला?" विश्वास भरपूर होता. गोळी कमी पडली होती.

नोकरी. कंत्राट संपायच्या महिनाभर आधी दुसरीकडे अर्ज करणे म्हणजे देवावरचा अविश्वास नव्हे. अर्ज म्हणजे नांगरच.

रस्ता. रात्रपाळीला जाताना हेल्मेट घालून मग स्तोत्र म्हणा. उलटे केले तर मंदिराच्या टोकावरून उडीच ती.

घरात मारहाण. इथे मला स्पष्ट बोलू द्या. "सहन कर, प्रार्थना कर, प्रभू त्याचे मन बदलेल" असे सांगून मंडळीतल्याच, म्हणजे चर्चमधल्याच, मोठ्या बायका पोरींना परत पाठवतात. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद समोर बसून स्तोत्र म्हणत राहिला नाही. तो निसटला, आणि त्याच रात्री त्याच्या बायकोने, मीखलने, त्याला खिडकीतून खाली सोडले (१ शमुवेल १९). पौलाला दिमिष्कात टोपलीत घालून तटावरून उतरवले होते. पुढे फटके मारायला बांधले तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, म्हणजे कायद्याचा आधार घेतला. निघून जाणे हीसुद्धा राखण असते. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. हे क्रमांक वहीत नको, पाठ असू द्या.

> सावध : याच्या उलटही एक चूक होते. नांगर टाकताना चाळीस गोष्टींची यादी होते आणि रात्री बारापर्यंत माणूस धावत राहतो. तारवावर चारच नांगर टाकले होते, आणि मग लिहिले आहे की ते दिवस उजाडण्याची वाट पाहत राहिले. दोन कामे झाली की पान मिटा.

## टप्पा ५ : जेवा आणि झोपा

हसू नका, हा शास्त्रातलाच टप्पा आहे. चौदा दिवस धड न जेवलेल्या २७६ माणसांना पौलाने अंधारात सांगितले, खाऊन घ्या, तुमच्या जिवासाठी हे गरजेचे आहे. त्याने स्वतः भाकर घेतली, सगळ्यांसमोर आभार मानले आणि खायला लागला. तेव्हा कुठे बाकीच्यांना धीर आला. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले (१ राजे १९).

काळजीच्या दिवसांत बायका एकदम तीन दिवसांचा उपास धरतात. साखर, रक्तदाब, गरोदरपण, अंगावर पाजणे, यांपैकी काहीही असेल तर धरू नका. मुलांना वाढून स्वतः चहावर दिवस काढणे हा तर उपासच नव्हे.

रात्रीचा क्रम असा ठेवा. झोपण्याआधी अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत, किंवा किमान हात पोचणार नाही अशा फळीवर. दिवे मालवण्याआधी स्तोत्र १२१ सावकाश. चौथ्या ओवीवर थांबा : इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. मनात म्हणा, आता पहारा त्याचा. रात्रपाळीची परिचारिका आली की दिवसपाळीची घरी जाते. चार्ट हाती दिल्यावर ती दारात घुटमळली तर दोघींचेही काम बिघडते.

आणि तीनला डोळे उघडले तर? घड्याळ पाहू नका. वहीही उघडू नका. रात्री तीनला लिहिलेले हिशेब सकाळी खोटे निघतात. त्या दिवसाचे एकच वचन ओठांतल्या ओठांत म्हणा, मग ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे एकेक करून घ्या. माझी गाडी बहुतेकदा सातव्या-आठव्या नावाच्या पुढे जात नाही.

> तपासणी : दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, किंवा जगणेच नको असे विचार येतात? तर हा टप्पा पुरेसा नाही. डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मनाचा आजार हा विश्वासाचा दोष नव्हे, जसा मोडलेला हात नव्हे. जगणे नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करा.

## टप्पा ६ : एका माणसाला सांगा

एकालाच. व्हॉट्सॲपवरच्या शंभर जणांच्या प्रार्थनागटात टाकले की दोन तासांत ऐंशी जोडलेले हात येतात आणि चौथ्या दिवशी भाजीबाजारात कोणीतरी विचारते, "काय गं, हप्ता भरला का?" "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" या वाक्याने मंडळीत जितकी घरे उघडी पडली तितकी दुसऱ्या कशाने पडली नसतील.

जी गोष्ट पचवू शकते अशी व्यक्ती निवडा. पाळकबाई, जुनी मैत्रीण, वडील मंडळींपैकी कोणी. पहिल्या टप्प्यातले पान तिला वाचून दाखवा आणि सांगा की उपाय नको, आठवडाभर माझ्याबरोबर प्रार्थना करा आणि शनिवारी विचारा.

ऐकणारीसाठीही दोन शब्द. मुले, संपत्ती, आरोग्य सगळे गमावलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळे ठीक होते. तोंड उघडले आणि पुढची तीसएक प्रकरणे बिघडली.

## टप्पा ७ : रविवारी वही उघडा

उपासनेहून आल्यावर, जेवणाआधी, आठवड्याची मागणी वाचा आणि प्रत्येकीपुढे खूण करा. मी चार खुणा वापरते.

- ट : टळले.
- नि : आले, पण निभावले.
- ल : अजून लटकलेले.
- घ : घडलेच नाही, उगाच घाबरले.

पहिल्या दोन महिन्यांत "घ" किती येतात ते पाहून बहुतेक जणी चकित होतात. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते "नि". तिथे कोण आले, पैसे कुठून आले, बोलायला शब्द कसे सुचले, हे एका ओळीत लिहा. शमुवेलाने दगड उभा करून त्याला एबन-एजर नाव दिले, येथवर परमेश्वराने साहाय्य केले म्हणून (१ शमुवेल ७:१२). "येथवर" एवढेच तो म्हणाला. वहीतल्या ओळीही तेवढ्याच असाव्यात.

"ल" पुष्कळ असतील तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपते. शेवटी आशेची ओळ नाही, तरी ती प्रार्थनाच आहे.

> सावध : साक्ष देताना "मी विश्वास ठेवला म्हणून माझा मुलगा वाचला" असे म्हणू नका. तिसऱ्या बाकावर जिचा मुलगा वाचला नाही ती बसलेली असते. "प्रभूने दया केली" एवढे पुरे. पेत्रासाठी मंडळी मनापासून प्रार्थना करत होती, पण तो दारात आल्याचे रोदा नावाच्या दासीने सांगितले तेव्हा तेच लोक तिला म्हणाले, तू वेडी आहेस (कृत्ये १२:१५). त्यांच्या विश्वासाच्या वजनावर पेत्र सुटला नव्हता.

## तारू फुटले तर

कधी कधी "ट" येत नाही. रिपोर्ट वाईटच येतो, कंत्राट जातेच. माझे वडील गेले तेव्हा आमच्या घरी अखंड प्रार्थना चालू होती. मातीनंतर एक नातलग म्हणाले, "घरात कोणाचा तरी संशय आडवा आला असेल." त्या वाक्याचा काटा माझ्या आईने वर्षभर काढला.

तेव्हा अशा वेळी काय करायचे तेही क्रमाने सांगते. पहिला आठवडा वही उघडू नका. मोठे निर्णय घेऊ नका. टप्पा ५ आणि ६ तेवढे चालू ठेवा : जेवण, झोप, एक माणूस. प्रार्थनेला शब्द नसतील तर दुसऱ्याने म्हणावी, तुम्ही "आमेन" म्हणा. "यात देवाचा काय हेतू असेल" हे शोधायला बसू नका, आणि कोणी शोधून द्यायला आले तर त्यांना चहा देऊन विषय बदला.

मग कृत्ये २७ चा शेवट वाचा. तारू किनाऱ्याआधीच उथळ जागी रुतले आणि मागचा भाग लाटांनी फुटला. पोहता येणारे आधी उडी मारून गेले. बाकीचे कोणी फळ्यांवर, कोणी तारवाच्या तुकड्यांवर. ज्या तारवाला ते चौदा दिवस वाचवत होते, त्याच्याच मोडक्या लाकडांनी त्यांना किनाऱ्याला लावले. आईला हे मी वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. नंतर तिने वडिलांच्या जुन्या वहीतली उरलेली पाने फाडून स्वतःची वही शिवली.

किनाऱ्यावर पोचल्यावर पाऊस होता, थंडी होती. माल्टा बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली, पौलही काटक्या गोळा करायला लागला, आणि त्या मोळीतून साप निघून त्याच्या हाताला डसला. वादळातून सुटून एक दिवसही झाला नव्हता. म्हणून वही शंभर पानी घेऊ नका, दोनशेच घ्या.